चंदी वाढवण्याआधी वैरण तोला

चंदी दुप्पट करू नका. आज संध्याकाळच्या खाण्यापासून काही बदलायचंच असेल, तर घोडीपुढे टाकलेली वैरण एकदा काट्यावर ठेवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही कळवलंत ते असं: मुंबईत मढजवळ तबेल्यात काठियावाडी घोडी, नऊ वर्षांची, लग्नसराईत वरातीला जाते. सकाळ-संध्याकाळ दीड-दीड किलो चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा निम्मा-निम्मा. जोडीला भाताचा पेंढा, आणि मिळेल तेव्हा हत्ती गवताचा भारा. लग्नसराई संपेपर्यंत बरगड्या दिसायला लागल्या, पोट मात्र सुटलेलं. छातीचा घेर १६० सेंमी, लांबी १५० सेंमी. शेजारी मुलांना फिरवायचं तट्टू, त्याच चंदीवर गलेलठ्ठ. चंदी दुप्पट करू का, टॉनिक कोणतं देऊ आणि तट्टाचं काय करू, असे तीन प्रश्न.

आधी घोडी खरंच किती उतरलीय ते ठरवू. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, हात लावा. अमेरिकेत डॉन हेन्नेके यांनी १९८३ मध्ये १ ते ९ गुणांची एक मोजपट्टी मांडली, आजही जगभर तीच वापरतात. सहा जागी हात फिरवायचा: मान, खोगिरापुढचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ. ५ गुण म्हणजे बेताची, निरोगी अंगयष्टी. बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात. अंदाज येत नसेल तर मूठ वळून दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या सांध्यांवरून फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर घोडं वाळलेलं आहे. हात सरळ करून पंज्याच्या पाठीवर लागतं तसं लागलं तर ठीक. तळव्याच्या गादीसारखं लागलं तर चरबी चढलीय. तुमच्या वर्णनावरून घोडी ३ च्या आसपास असावी: बरगड्या उघड दिसतात, कंबरेचा कणा वर आलाय, शेपटीचं मूळ उठून दिसतंय.

सुटलेल्या पोटाने फसू नका. पोट मोठं आणि पाठ उघडी, ही जोडी चरबीची नसते. निकृष्ट पेंढा मोठ्या आतड्यात फार वेळ पडून राहतो, त्यामुळे पोट फुगतं. प्रथिनं कमी पडल्याने पाठीचं आणि पोटाचं मांस ढिलं होतं. त्यात जंत असले तर विचारायलाच नको. शिवाय घोडी गाभण नाही ना, हेही एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. विकत घेतलेल्या घोडीच्या बाबतीत मालकाला पत्ता नसतो असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

वजन काढायला काटा लागत नाही. तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) बांधतो तिथला छातीचा घेर गुणिले तोच घेर, गुणिले खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ११,८८०. तुमच्या घोडीचं वजन येतं साधारण ३२३ किलो. मोजपट्टीवरचा एक गुण म्हणजे वजनाच्या चारेक टक्के. तेव्हा ३ वरून ५ वर न्यायची तर २५ ते २८ किलो वजन वाढायला हवं, म्हणजे ३५० च्या आसपास.

आता खाण्याकडे वळण्याआधी तीन गोष्टी तपासा, नाहीतर पुढचं सगळं गणित गटारात. पहिली, दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजत राहतात. झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांना बाहेरच्या बाजूने आणि खालच्या दाढांना आतल्या बाजूने धारदार कडा येतात. गाल आणि जीभ सोलवटते. घोडी गवताच्या चघळलेल्या गोळ्या तोंडातून खाली टाकते का, लिदेत अख्खे हरभरे आणि बोटाएवढ्या लांब काड्या दिसतात का, हे मोतद्दाराला, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याला, विचारा. त्याला माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही. दाढांना कानस मारून घेणं हे वर्षातून एकदाचं काम. दुसरी, जंत. ताजी लीद तपासायला द्या, अंडी मोजून मग औषध द्या. जंताची तीच ती पेस्ट अंदाजाने दर दोन महिन्यांनी चारत राहिलात तर औषधाला न जुमानणारे जंतच तेवढे शिल्लक राहतात. तिसरी, सर्रा. चावणाऱ्या गोमाश्यांमुळे पसरणारा हा रक्तातला आजार आपल्याकडे नवा नाही. ताप येतो-जातो, भूक बरी असते, पायांवर आणि पोटाखाली सूज येते आणि घोडं खाऊन-पिऊन वाळत जातं. अशा घोड्याला कितीही बदाम घाला, अंगाला लागणार नाहीत. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, शेजारी त्याहून जुनं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे; लीद आणि रक्त तपासायला तुम्हाला फार लांब जायला नको.

हे तिन्ही स्वच्छ निघालं, तर मग दोष खाण्यात.

घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. ते दिवसभर थोडं-थोडं चरण्यासाठी बनलंय. गायी-म्हशीला चार कप्प्यांचं पोट असतं, खाऊन निवांत रवंथ करता येतं. घोड्याच्या वैरणीचं काम मागे, मोठ्या आतड्यात चालतं. तिथले जिवाणू काडीतल्या तंतूपासून ताकद काढतात. एका वेळी जास्त दाणा घातला की लहान आतड्यात पचायला वेळ मिळत नाही, न पचलेलं पिष्ट (स्टार्च) मागे सरकतं, तिथे ते आंबतं, आम्ल वाढतं, चांगले जिवाणू मरतात. मग पोटशूळ, नाहीतर खुरांतला दाह, ज्याला आपण लॅमिनायटिस म्हणतो. म्हणून ठोकताळा असा, की एका खाण्यात वजनाच्या दर किलोमागे पिष्ट १ ग्रॅमच्या आत ठेवावं. २ ग्रॅम ओलांडले की धोका. तुमच्या दीड किलोच्या चंदीत हरभऱ्याचं आणि कोंड्याचं मिळून साडेचारशे ग्रॅमच्या घरात पिष्ट आहे, म्हणजे किलोमागे जवळपास १.४ ग्रॅम. आत्ताच जास्त आहे. दुप्पट केलीत तर २.८. वजन वाढायच्या आधी डॉक्टरला रात्री दोन वाजता उठवायची वेळ येईल.

आणि वैरण? घोड्याला रोज अंगाच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के कोरडं अन्न लागतं, त्यातलं किमान दीड टक्का वैरणीतून यायलाच हवं. तुमच्या घोडीला म्हणजे कमीत कमी पाच किलो कोरडी वैरण, वजन वाढवायचं तर त्याहून जास्त. ‘पेंढा भरपूर असतो’ असं तुम्ही म्हणता. पुढ्यात असतो, हे खरं असेल. पण सकाळी उरलेला तोला, तुडवून लिदेत गेलेला धरा, आणि मग सांगा पोटात किती गेला. माझा अंदाज तीन किलोच्या वर नाही. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, वर वाळूसारखी सिलिका. घोडी नाक मुरडते त्यात तिचं चुकत नाही.

इथे मुंबईची अडचण मला कळते. महालक्ष्मीला १८८३ पासून घोडे पळतायत, पण या शहरात घोड्याला चरायला मोकळं गवत कधीच पुरेसं नव्हतं. वैरण ट्रकने येते, ठेवायला जागा नाही, भाव पावसाबरोबर चढतो. चंदीचं पोतं मात्र कोपऱ्यात मावतं, किराण्याच्या दुकानात मिळतं. म्हणून जो तो चंदी ओततो. महालक्ष्मीच्या घोड्यांना बघून ‘ते तर एवढा दाणा खातात’ असंही म्हणू नका. शर्यतीच्या ५०० किलोच्या घोड्याला रोज २६ ते ३४ मेगाकॅलरी (एक मेगाकॅलरी म्हणजे हजार किलोकॅलरी) लागतात, नुसत्या उभ्या घोड्याला साडेसोळा पुरतात. तुमची घोडी वरातीत चालते, पळत नाही.

मी काय घातलं असतं ते सांगते. पालघर-शहापूरकडून येणारं डोंगरी कोरडं गवत, रोज ६ किलो. गवत घेताना एक पेंढी सोडून हात आत घाला: वास गोड यायला हवा, धूळ उडायला नको, रंग अगदी राखाडी नको, पानं जास्त आणि दांडे कमी हवेत. दिवाळीनंतर उशिरा कापलेलं गवत सुकून दाणा झडलेलं असतं, त्यात पोषण कमी. आणि कुसळं बघा. कुसळी गवताची कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, तोंडात फोड येतात, घोडं खाणं सोडतं आणि मालक म्हणतो ‘गवत आवडत नाही’. घोडीचा ओठ उचलून पाहिलात का कधी?

त्याच्या जोडीला लसूणघास, ओला ८ किलो. हा आकडा मोठा वाटेल, पण ओल्या घासात निम्मं नव्हे, बारा आण्यांहून जास्त पाणीच असतं. ८ किलोत कोरडं अन्न पावणेदोन किलोच. वाळलेला घास मिळाला तर दोन किलो पुरे. घासात प्रथिनं १५ ते २० टक्के, कॅल्शियम भरपूर, आणि जठरातल्या आम्लाला तो उतारा आहे. पाठ भरून यायची तर हरभऱ्यापेक्षा घासाचा भरवसा मला जास्त. एकदम ८ किलो टाकू नका. पहिल्या दिवशी दीड किलो, मग दहा-बारा दिवसांत वाढवत न्या. कोणताही बदल असाच, आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

चंदी सव्वा किलो, तीन वेळांत वाटून: पाऊण किलो ओट्स किंवा भरडून शिजवलेला जव, अर्धा किलो हरभरा. होय, तुमच्या तीन किलोंवरून सव्वावर. तेल १०० मिली, चंदीत मिसळून; ३० मिलीपासून सुरुवात करा. भाताच्या कोंड्याचं किंवा सोयाबीनचं चालेल. तेलात दाण्याच्या जवळपास तिप्पट ताकद असते आणि पिष्ट शून्य.

हिशेब मांडून दाखवते, म्हणजे विश्वास बसेल. ३५० किलोच्या घोडीला काम नसताना रोज सुमारे ११.७ मेगाकॅलरी लागतात. एक किलो वजन वाढवायला २० मेगाकॅलरी धरा; २७ किलोंना ५४०. चार महिन्यांत वाटलं तर रोजचे साडेचार जास्त. एकूण १६.२. वरच्या खाण्यात गवताचे साधारण ९, घासाचे ४.२, चंदीचे पावणेचार आणि तेलाचे ०.८ येतात, दहाव्या हिश्श्याचं गवत वाया गेलं तरी पुरतं. आणि तुमच्या आत्ताच्या खाण्यात? तीन किलो चंदीचे ९, पेंढ्याचे साडेतीन. १२.५. वराती चालू असताना तिला १४ लागत होते. घोडी वाळली यात नवल काही नाही.

चार महिने मी उगाच धरले नाहीत. आषाढी ते कार्तिकी, चातुर्मास, मुहूर्त नाहीत, घोडी मोकळी. वजन भरायचा हाच काळ. फक्त बांधून ठेवू नका. रोज अर्धा-पाऊण तास चालवा, नाहीतर चढेल ती नुसती चरबी.

आता कोंड्याबद्दल, कारण हे मुंबईतल्या निम्म्या तबेल्यांचं दुखणं आहे. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-नऊ पट फॉस्फरस असतो. घोड्याच्या खाण्यात उलटं हवं: फॉस्फरस १ तर कॅल्शियम दीड ते दोन, आणि एकास एकच्या खाली तर कधीच नको. त्यात तुम्ही घालता हत्ती गवत आणि पेंढा. दोन्हींत ऑक्झॅलेट असतं, ते आहे तेवढं कॅल्शियमही बांधून ठेवतं. म्हणजे येणारं कमी आणि आलेलं अडकलेलं. शरीर मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून ते ओढतं. महिनोन् महिने हे चाललं की घोडं आज या पायावर, उद्या त्या पायावर लंगडतं, चाल आखडते, दात सैल होतात, शेवटी दोन्ही गालफडांची हाडं सुजून तोंड रुंद दिसायला लागतं. नालबंदाला दोष देतात, नाल बदलतात, आणि कारण गव्हाणीत असतं. तुमच्या घोडीच्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवून बघा, हाताला टणक फुगवटा लागतो का.

तेव्हा कोंडा बंद, किंवा फार तर मूठभर, औषध मिसळण्यापुरता. हत्ती गवत द्यावंच लागलं तर थोडं, घासाबरोबर. आणि रोज ३० ग्रॅम चुनखडीची पावडर, पशुखाद्याच्या दर्जाची. पानाला लावायचा चुना नव्हे! तो तोंड भाजतो. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) नावाची जी पावडर दुकानदार पुढे करतो तिच्यात फॉस्फरसही असतो. तुमच्या घोडीला त्याची वाण नाही.

मीठ विसरू नका. घोड्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळत राहतो. रोज ३० ग्रॅम साधं मीठ चंदीत, वरातीच्या रात्री आणखी थोडं. पाणी चोवीस तास पुढ्यात. उन्हाळ्यात ४०-५० लिटर जाईल. आणि मे महिन्यात बाकी सगळे घोडे घामाने निथळत असताना एखादं घोडं कोरडं ठणठणीत राहून धापा टाकत असेल, तर ते घोडं ‘काटक’ नाही, त्याचा घाम बंद झालाय. डॉक्टरला बोलवा.

टॉनिकबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, मी एकच लिहिते: ज्या बाटलीवर ‘ताकद’ लिहिलंय ती परत ठेवा आणि त्या पैशांत घास घ्या. दूध-तुपाचंही तेच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याला रोज किती दूध, किती तूप, किती अंडी चालतात ते मालक अभिमानाने सांगतात, लोक कौतुकाने ऐकतात. मोठ्या झालेल्या घोड्याला दुधातली साखर नीट पचत नाही. तुपाची ताकद तेलाएवढीच, फक्त किंमत पाहुण्यांना सांगायच्या कामाची.

हे सगळं पावसाळ्यात करायचंय, आणि पावसाळाच वैरणीचा वैरी. पोती जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. दाणा पंधरा दिवसांपुरताच आणा. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढं काढून बाकी घालायचं नाही, पोतंच बाद. हरभरा चार-सहा तास भिजला की पुरे, आंबूस वास आला तर फेकून द्या. ओल्या गवताचे भारे एकावर एक रचले की आतून गरम होतात, तसं गवत घातलं की पोटशूळ ठरलेला. सोसायट्यांमधले माळी आपुलकीने हिरवळ कापल्याचा चुरा आणून टाकतात, नको म्हणा. तो तासाभरात आंबायला लागतो, घोडं न चावता बकाबका गिळतं, आणि त्यात कण्हेरीची छाटणी मिसळली असेल तर मूठभर पानंही घोड्याचा जीव घेतात. आपल्या हमरस्त्यांच्या दुभाजकांवर कण्हेर किती आहे ते तुम्ही रोज बघताच. आणि शेजारच्या म्हशींच्या तबेल्यातून किंवा कोंबड्यांच्या खाद्यातून उसनं काही घ्यायचं नाही. कोंबडीखाद्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधं असतात. गायी-कोंबड्यांना चालणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडते.

तुम्ही समुद्राजवळ आहात, तर आणखी एक. वाळूवर चारा टाकू नका. खाल्लेली वाळू आतड्यात साचत जाते. शंका असेल तर लिदेचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून लटकवा; तळाशी वाळू बसली की कळेल.

खाण्याच्या वेळा. संध्याकाळी सातला शेवटचं खाणं आणि सकाळी सहाला पहिलं, असा तबेल्यांचा रिवाज आहे. मधले अकरा तास जठरात आम्ल पाझरतच असतं, कारण घोड्याचं आम्ल खाण्यासाठी थांबत नाही. जठरात फोड येतात ते असेच. गवताचा मोठा वाटा रात्री जाळीत भरून लावा, म्हणजे पहाटेपर्यंत काहीतरी तोंडात राहील. कार्तिकात वराती सुरू झाल्या की घोडी न्यायच्या आधी किलोभर घास घाला. रिकाम्या पोटी बँडच्या आवाजात तीन तास उभं राहणं हे काम कमी आणि ताण जास्त. वऱ्हाडी पेढे, जिलेब्या, पाव भरवतात, मोतद्दाराला सांगून थांबवा. परतल्यावर आधी पाणी. दमलेल्या घोड्याला पाणी तोडायचा जुना समज सोडून द्या, थोडं-थोडं करून पोटभर पिऊ द्या. मग गवत. चंदी तासाभराने. मध्यरात्री तोबराभर चंदी हा मायेचा प्रकार मी समजू शकते, पण घोडीचं आतडं समजत नाही.

तट्टू. त्याचं वजन तुम्ही दिलेलं नाही, २२० किलो धरते. त्याची चंदी आजपासून बंद. चार दिवसांत उतरवा हवं तर, पण बंद. लहान चणीची ही जनावरं माळावरच्या काड्यांवर जगायला घडलेली असतात, हरभरा त्यांना सोसत नाही. दिवसाला वजनाच्या दीड टक्का, म्हणजे सुमारे ३.३ किलो कोरडं गवत, अर्धा-एक तास पाण्यात भिजवून, पाणी फेकून देऊन. त्याने साखर बरीच निघून जाते. बारीक भोकांच्या दुहेरी जाळीत घाला म्हणजे दिवसभर पुरेल. घास मूठभर, मीठ आणि क्षार चालू. उपाशी मात्र ठेवू नका: लठ्ठ तट्टाचं खाणं एकदम तोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बसतं आणि जनावर हातचं जातं. आयाळीखाली मान कडक झालीय का ते रोज दाबून बघा. मागच्या पायांवर भार टाकून, पुढचे पाय पुढे काढून उभं राहिलं, किंवा खूर गरम लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर.

मोजमाप दर पंधरा दिवसांनी, त्याच माणसाने, त्याच वेळी, त्याच टेपने. बाजूने एक फोटो. घोडीचा घेर महिन्याला दीड सेंटीमीटरने वाढायला हवा, १६० वरून चार महिन्यांत १६६ च्या पुढे. दुसऱ्या महिन्याअखेर टेप हललीच नाही, तर गवत अर्धा किलो वाढवायच्या आधी दात आणि रक्त पुन्हा बघा. १६६ ला पोचली की तेल आठवड्याला २५ मिलीने उतरवा, घास ५ किलोंवर आणा. वराती सुरू झाल्यावर आठवड्याला चार रात्रींहून जास्त काम लागलं तर तेच तेल परत चढवा. चंदी दिवसाला एकूण दीड किलोपुढे नेऊ नका.